फ्रेंचचं ॲप विकत घेण्याआधी

सारसोळे, नेरूळ, जुईनगर या पट्ट्यातली आपली बरीच मुलं आता इंग्रजी माध्यमात शिकतात. पाचवी-सहावीला तिसऱ्या भाषेचा प्रश्न येतो. २०२०च्या कायद्याने मराठी सगळ्याच बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. उरलेल्या जागेवर हिंदी, संस्कृत किंवा फ्रेंच यांतली एक निवडायची असते. फ्रेंच घेतली की अनेक ठिकाणी फीच्या पावतीवर आणखी एक ओळ येते: ऑनलाइन भाषा कार्यक्रम, वार्षिक वर्गणी. अब्बा ती पावती घरातल्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सरकवतात, ‘जरा बघ, हे काय आहे.’ हा लेख त्या मुला-मुलींसाठी आहे.

माझा फ्रेंचला विरोध नाही आणि ॲपलाही नाही. मी सॉफ्टवेअरच लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की विकतचं साधन शिक्षकाच्या मदतीला असावं, शिक्षकाच्या जागी नसावं. आणि ते निवडताना ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्यांना विचारलं जावं.

आधी एक शंका दूर करू. ‘फ्रेंच आपल्या काय कामाची?’ असं मोहल्ल्यात विचारलं जातं. अल्जीरिया, मोरोक्को, सेनेगलपर्यंत कोट्यवधी मुसलमान ही भाषा वापरतात. मूळच्या मराठी कुटुंबांचे वंशज असलेल्या मॉरिशसमध्येही ती रोजच्या व्यवहारात आहे. हैदराबादेत जन्मलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी पॅरिसमध्ये राहून कुरआनचा फ्रेंच अनुवाद केला, तो १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी फ्रेंचसाठी उर्दू सोडली नाही. आपल्यालाही सोडायची गरज नाही.

उलट, घरच्या भाषा इथे उपयोगी पडतात. फ्रेंचमधला ‘र’ घशातून येतो आणि आपल्या ‘ग़ैन’च्या बराच जवळचा आहे. कुरआनचं वाचन शिकलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. फ्रेंचचे नाकातले स्वर उर्दूच्या नून-गुन्ना आणि कोकणी बोलींतल्या उच्चारांमुळे ओळखीचे वाटतात. निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे मराठी मुलाला समजवावं लागत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक त्याला घरातच कळलेला असतो. फ्रेंचमध्ये ९७ म्हणताना ‘चार वीस सतरा’ असं म्हणतात. विसांत मोजणाऱ्या आपल्या दादी-नानीला यात काहीच नवल वाटलं नसतं.

आता ॲपकडे येऊ. लिंग्वास्कोपसारख्या सेवा ब्रिटनमधल्या शाळांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाल्या. बाजारातली बहुतेक साधनं शिकणारा इंग्रजी बोलणारा आहे असं धरून चालतात. त्यामुळे आपल्या मुलाला जे येतं त्यावर धडेच्या धडे खर्च होतात, आणि जिथे तो अडतो तिथे कुणी थांबत नाही. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही फ्रेंच वाक्यं लिहिताना वेगळी असली, तरी कानाला दोन्ही ‘इल पार्ल’ अशीच येतात. ‘तू’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात ओठ ‘उ’चे आणि जीभ ‘इ’ची लागते. हा स्वर मराठीत नाही आणि उर्दूतही नाही. तो समोर बसून, ओठांकडे बघून शिकवावा लागतो. चार पर्यायांतून एकावर बोट ठेवलं की हिरवी खूण येते, पण त्याने तोंड उघडत नाही.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे साहजिक आहे. बरोबर पर्यायावर बोट पडलं की नाही, हे तपासणं सर्वांत स्वस्त. मुलाचं मोडकंतोडकं वाक्य ऐकून नेमकं काय चुकलं ते सांगणं सर्वांत महाग. म्हणून रोजची हजेरी, तारे आणि गुण यांचा मारा होतो. शाळेला मिळणाऱ्या अहवालात मूल किती मिनिटं ॲपवर होतं ते दिसतं. त्याला किती फ्रेंच आली हा वेगळा प्रश्न आहे.

मग मोजायचं कशाने? डेल्फ ही फ्रान्स सरकारमान्य परीक्षा आहे. तिच्या ए-वन ते बी-टू या पातळ्यांवर ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. बोलण्याची परीक्षा परीक्षकासमोर बसून द्यायची असते. मुलाने ही परीक्षा द्यावीच असं नाही. पण शाळेला हे जरूर विचारावं की तीन-चार वर्षांनी आमचं मूल यातल्या कोणत्या पातळीवर असेल आणि बोलण्याचा सराव त्याला कोण देणार?

हिशेब करून बघू. समजा १२० मुलं फ्रेंच घेतात आणि ॲपची वर्गणी प्रत्येकी १,५०० रुपये आहे. वर्षाचे १,८०,००० झाले. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला १८,००० रुपये. एवढ्यात आठवड्यातले काही दिवस छोट्या गटांकडून बोलणं करून घेणारी अर्धवेळ शिक्षिका ठेवता येईल का, हे आधी तपासावं. समाजाच्या वर्गणीतून चालणाऱ्या आपल्या संस्थांनी तर नक्कीच. ऐकण्या-वाचण्याचं साहित्य फुकटही मिळतं. टीव्ही-५ मोंद आणि आरएफआय या फ्रेंच वाहिन्या शिकणाऱ्यांसाठी पातळीनुसार पाठ देतात. सीबीएसईची नववी-दहावीची ‘आंत्र जन’ ही पाठ्यपुस्तकं आहेतच. शिक्षिका असेल तर या साहित्याचं सोनं होतं. ती नसेल तर महागडं ॲपही पडून राहतं.

शिवाय घरात एकच फोन असेल आणि तो अब्बांसोबत कामावर जात असेल, तर गृहपाठ ॲपवर देणं म्हणजे त्या मुलाला मागे ठेवणं. त्यातही फोन आधी भावाला आणि उरला तर बहिणीला, हे आपल्या घरांत घडतं, ते नाकारू नये.

दुसरी किंमत पावतीवर दिसत नाही. कोविडकाळात ४९ देशांच्या सरकारांनी पुढे केलेली १६४ शैक्षणिक साधनं ह्यूमन राइट्स वॉचने तपासली आणि २०२२मध्ये अहवाल दिला. त्यांपैकी १४६ साधनांचा माहिती हाताळण्याचा व्यवहार मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारा किंवा त्यांचा भंग करणारा आढळला. तपासलेल्यांत आपलं ‘दीक्षा’ही होतं. नावावरून माणसाची ओळख ठरवली जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मुलाचं नाव, आवाज आणि ठिकाण कुठे साठवलं जातं, किती काळ राहतं आणि शाळा सोडल्यावर पुसलं जातं का, हे लेखी मागावं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना मूल मानतो आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घालतो.

तिसरी गोष्ट कराराची. तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली की सूट मिळते, पण आपल्याकडे भाषाधोरण तेवढं टिकत नाही. केंद्रीय विद्यालयांत २०१४च्या नोव्हेंबरमध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन काढून संस्कृत आणली गेली. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ला आला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात असं म्हणतं. तेव्हा करार एका वर्षाचाच हवा, आणि आधी महिनाभर एका वर्गावर चाचणी हवी.

हे सगळं विचारायची जागा कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्राच्या २०११च्या शुल्क नियमन कायद्यानुसार खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो. त्याची कार्यकारी समिती पालकांतून सोडत काढून बनते आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. सोडतीला नाव देणं अवघड नाही, पण आपल्यातले अनेक पालक ‘इंग्रजीत बोलावं लागेल’ म्हणून मागे राहतात. प्रश्न मराठीत विचारता येतात.

तेव्हा पुढच्या सभेला अम्मी-अब्बांसोबत तुम्हीही जा. सोबत एक कागद न्या. त्यावर पाच प्रश्न पुरेत: बोलणं कोण शिकवणार, फोन नसलेल्या मुलाचं काय, माहिती कुठे जाते, करार किती वर्षांचा आणि याच पैशांत शिक्षिका मिळेल का. उत्तरं लेखी मागा आणि वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या पालकांना वाचायला द्या. समाधान झालं तर वर्गणी जरूर भरा.