तूर बडवणारा रणगाडा

बालदोस्तांनो, रणगाडा म्हटलं की डोळ्यांसमोर लांब नळीची तोफ येते, हो ना? पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ७९ व्या आर्मर्ड डिव्हिजनचं मुख्य काम होतं, मागून येणाऱ्यांना वाट करून द्यायची!

त्याचं कारण घडलं फ्रान्सच्या दिएप बंदरात. १९ ऑगस्ट १९४२ च्या त्या हल्ल्यात सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिक होते. त्यातले नऊशेहून अधिक मारले गेले. काही रणगाडे किनाऱ्यावरच्या गोट्यांत रुतले, काही सिमेंटच्या अडथळ्यांपुढे अडले.

त्याच वर्षी ही डिव्हिजन मेजर जनरल पर्सी हॉबर्ट यांच्या हाती आली. यांचा जन्म आपल्या नैनितालचा बरं का! गडी हुशार, पण भारी तापट. वरिष्ठांशी पटेना, म्हणून १९४० मध्ये त्यांना घरी बसवलं होतं. तेव्हा हे माजी जनरल गावच्या होमगार्डात चक्क लान्स कॉर्पोरल झाले! शेवटी पंतप्रधान चर्चिल यांनीच त्यांना परत आणवलं.

मग काय एकेक रणगाडे! एक चिखलावर कापडाची गुंडाळी उलगडत जाई, सतरंजी अंथरावी तशी. एक खंदकात लाकडांच्या मोळ्या टाकी. एक कापडी पडदा उभारून चक्क पाण्यावर तरंगे. सैनिक यांना 'हॉबर्टच्या गमती' म्हणत.

माझा आवडता मात्र 'क्रॅब', म्हणजे खेकडा. शेतात काठीनं तूर बडवताना पाहिलंय ना? तसंच! पुढच्या फिरत्या रुळाला ४३ साखळ्या. त्या जमीन बडवत जात आणि पुरलेले सुरुंग तिथंच फुटत. वेग ताशी दोनेक किलोमीटर, तुमची आजीसुद्धा यापेक्षा भरभर चालेल! धुळीनं पुढचं काही दिसेना, तोफ मागं वळवलेली आणि समोरून शत्रूचा मारा. आत बसणाऱ्यांची काय छाती असेल!

६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या गमतींनी पुष्कळांचे जीव वाचवले. पण सगळं काही साधलं नाही. ओमाहा किनाऱ्यापाशी अमेरिकनांच्या एका बटालियननं खवळलेल्या समुद्रात २९ तरंगते रणगाडे सोडले. त्यातले २७ बुडाले.

१९४५ मध्ये डिव्हिजन मोडली. साखळ्यांची युक्ती मात्र टिकली. युद्ध संपलेल्या देशांत शेतांमधले सुरुंग काढायला आजही अशी यंत्रं वापरतात. त्यातली बरीचशी दुरून चालवतात, आत कुणी नसतं. यंत्र फिरून गेलं की माणसं शोधक घेऊन तीच जमीन पुन्हा तपासतात, आणि मगच शेतकऱ्याचा नांगर आत जातो.