प्लास्टरनंतरची हिरवी उलटी

पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा धडाला प्लास्टर घातलेल्या मुलास उलट्या होऊ लागल्या, की ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून घरचे, आणि क्वचित आपले व्यवसायबंधूही, निर्धास्त होतात. १८७८ साली लंडनमध्ये विलेट यांनी अशाच उलट्यांनी दगावलेल्या रुग्णाची नोंद केली होती. १९५० मध्ये डॉर्फ यांनी या विकारास ‘कास्ट सिंड्रोम’ म्हटले. नाव काहीसे फसवेच, कारण प्लास्टर नसतानाही, केवळ शस्त्रक्रियेनंतर, तो उद्भवतो. महाधमनी आणि तिच्यातून निघून आतड्यास रक्त पुरविणारी धमनी यांच्या बेचक्यातून ड्युओडेनम जाते. कृश मुलात तेथील चरबीची गादी आधीच विरळ असते. वाकडा कणा सरळ होऊन धड लांबले, की बेचके आवळते व अन्न अडते.

उलटी पुष्कळदा आठवड्याने सुरू होते. तोवर परगावी शस्त्रक्रिया झालेले मूल नवनगरात घरी परतलेले असते. उलटी हिरवी, पोटाचा वरचा भाग फुगलेला आणि डाव्या कुशीवर किंवा पालथे निजवल्यास आराम, अशी लक्षणे दिसल्यास उलटीचे औषध देऊन थांबू नये. नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे, पोटॅशियमची उणीव भरणे, प्लास्टर सैल करणे अथवा काढणे, अडथळ्यापलीकडे नळीने अन्न देणे, एवढ्याने बहुतेक मुले शस्त्रक्रियेविना सावरतात.

माझे स्पष्ट मत असे, की तातडी नसेल तेव्हा अशा मुलाचे वजन आधी बालरोगतज्ज्ञाने पाहावे, वाढवावे. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते आणि उशाशी बसलेली असते आजी! निदान एक ओळ मराठीत व कन्नडमध्ये हवी: ‘हिरवी उलटी झाल्यास त्याच दिवशी दाखवा.’