वाळूवरची चार चाके

जव्हारच्या माणसाला समुद्र सणावारी भेटतो. डोंगर, दऱ्या, दाभोशाचा धबधबा हे सारे आमच्या उशाशी. समुद्रासाठी मात्र विक्रमगड-मनोर ओलांडून खाली उतरावे लागते. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून बहीण आली, तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने हट्ट धरला आणि आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून बाहेर पडतो तो लाटांच्या आधी कानावर इंजिनांची घरघर आली. घोडागाडीच्या जोडीला आता तिथे एटीव्ही आली आहे. फुगीर टायरांची, मोटारसायकलीसारख्या हँडलची ती चारचाकी.

"मामा, एकच फेरी!" मामाने पैसे काढून दिले. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे मी उपदेश करणार आहे.

गाडीवरचा मुलगा बोलण्यावरून आमच्याकडचा वाटला. विचारले, तर मोखाड्याचा निघाला. भातकापणी, झोडणी आटोपली की आमच्या भागातली माणसे कामासाठी खाली उतरतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. हा वाळूवर उतरला होता. भाचा हँडलवर, तो मागे. पन्नासेक पावले गाडी बरी गेली. मग भाच्याने एकदम वळण घेतले, गाडी दोन चाकांवर उठली, आणि त्या पोराने उडी टाकून सारा भार अंगावर घेत ती दाबून धरली. भाच्याला खरचटलेही नाही. पोराची नडगी मात्र सोलली. "सर, मालकाला बोलू नका," एवढेच तो म्हणाला.

घरी आल्यावर या यंत्राविषयी मिळेल ते वाचले. एटीव्हीची सीट लांब असते ती दोघांसाठी नव्हे, तर वळताना चालवणाऱ्याला अंग झुकवून तोल सावरता यावा म्हणून. बहुतेक गाड्या एकट्यासाठीच बनवलेल्या असतात. मागे दुसरा बसला की ती जागाच उरत नाही, आणि एवढे धूड कलले तर लहान मुलाचे वजन ते सावरायला पुरत नाही. म्हणूनच मोठ्या एटीव्हीवर सोळा वर्षांखालच्या मुलाला चालवायला बसवू नये, अशी सूचना उत्पादक स्वतःच देतात. या गाडीचा जुना तीनचाकी प्रकार तर इतका उलटे, की अमेरिकेत १९८८ साली न्यायालयीन तडजोडीनंतर त्याची विक्री थांबवावी लागली. आमच्या फेरीत हेल्मेट नव्हते, एकाच्या जागी दोघे होते आणि चालक पाचवीतला होता.

वाळू म्हणजे काही रस्ता नव्हे, असे वाटून आपण बेफिकीर होतो. पण मोटार वाहन कायद्यात शब्द आहे तो 'सार्वजनिक जागा', आणि लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मामाही त्यातून सुटेल असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट वाळूचीच. भरतीच्या रेषेवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो. त्याला मर्यादवेल म्हणतात. तो वाळू धरून ठेवतो. समुद्राची मर्यादा दाखवणारा हा वेल चाकांचीही मर्यादा मानायला हवी होती. आम्ही पाहिला तो जागोजागी चिरडलेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखली. कासवीण रात्री येऊन हातभर खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी निघालेल्या पिलांना टायरची चाकोरी म्हणजे ओढाच. त्यात अडकले की खेकडे आणि कुत्री टपलेली असतात. हा विणीचा हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्याचा, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत सर्वाधिक जपणुकीच्या वर्गात घातल्या आहेत.

(वाळू स्वतःही हिशेब चुकता करते म्हणा. २०२४ सरता सरता रेवदंड्याला एक फेरारी रुतली, ती शेवटी बैलगाडीने ओढून काढली.)

सरसकट बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. जानेवारीत ज्याच्या घरी काम नसते त्याला विचारल्याशिवाय असे म्हणणे मला शोभणार नाही. पण कासवे येतात तिथे गाडी नको. इतरत्र, पोहणाऱ्यांपासून दूर, ओल्या वाळूत बावटे लावून पट्टा आखावा, मर्यादवेलाच्या वर आणि सूर्यास्तानंतर कोणी जाऊ नये. भरतीची वेळ फळ्यावर लिहावी. हेल्मेट आणि गाडीला क्रमांक हवाच. मूल मागे बसले तर काय, असे बहीण विचारत होती. एकट्याच्या गाडीवर तेही नको. आणि नियम मोडल्याचा दंड मालकाकडून घ्यावा, फेरीवर मजुरी मिळवणाऱ्या पोराकडून नव्हे. ते जर झाले नाही, तर प्रत्येक नियम त्या सोललेल्या नडगीवरच येऊन बसेल.

बहिणीने बाटलीतल्या पाण्याने त्याची जखम धुतली. भाचा गप्प उभा होता. डॉक्टरकडे चल म्हटले, तर मान हलवून म्हणाला, "होळीला घरी जायचाय सर, तोवर बरी होईल." तेवढ्यात पुढचे गिऱ्हाईक आले. वडील, आणि त्यांच्यापुढे सात-आठ वर्षांची मुलगी. मी त्यांच्याशी बोलायला पुढे झालो.