सीईटीची सराव परीक्षा : पोरांना बसवावं की नाही?



भाताची कापणी-झोडणी उरकत आली की कर्नाळा, तारा, शिरढोण या आपल्या पट्ट्यात बांधावर खताच्या भावाबरोबर आणखी एक प्रश्न कानावर येतो. "पोरगं बारावी सायन्सला आहे. सीईटीची सराव परीक्षा द्या म्हणतात. बसवू का? की नुसता पैसा आणि वेळ जाईल?" प्रश्न पिकाचा नाही, पण घरच्या पैशाचा आणि पोराच्या पुढल्या आयुष्याचा आहे. म्हणून आज या पानावर त्याचाच विचार करू.

आमचं मत स्पष्ट आहे. सराव परीक्षा द्यावी. पण ती वेळेत द्यावी, शक्यतो बिनपैशाची द्यावी, आणि निकालानंतर काय करायचं ते आधी ठरवून द्यावी. हे जमणार नसेल तर न दिलेली बरी.

आपण भाताचा राब टाकण्याआधी काय करतो? मूठभर बियाण्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते बघतो. ८० किंवा जास्त उगवले तर ठीक. त्याहून कमी उगवले तर बियाणं वाढवतो किंवा बदलतो. गोणपाटातल्या दाण्यांचं पीक कोणी घेत नाही, पण त्यामुळे आख्खा हंगाम वाचतो. मात्र पेरणी झाल्यावर ही चाचणी केली तर तिचा उपयोग शून्य. सराव परीक्षेचंही अगदी तसंच आहे.

आता सीईटीचं गणित समजून घ्या. बोर्डाचा पेपर तीन तास हाताने लिहायचा असतो. सीईटी २०१९ पासून संगणकावर होते आणि चारपैकी एक पर्याय निवडायचा असतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही, ५४ सेकंद! गणिताचे ५० प्रश्न, त्यालाही ९० मिनिटं, आणि प्रत्येक प्रश्नाला २ गुण. जीवशास्त्राचे १०० प्रश्न. पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो, मागे फिरता येत नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि ती पुस्तकं बऱ्याच घरांत माळ्यावर गेलेली असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ही गोष्ट हुशार पोरालाही पहिल्यांदा संगणकासमोर बसल्यावर सुचत नाही.

राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची यादी मुख्यतः सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बोर्डाचे गुण पात्रतेपुरते, ठरावीक विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के. बी.एस्सी. कृषीच्या पदवीलाही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे बारा वर्षांच्या अभ्यासाचा फैसला तीन तासांत होतो. अशा ठिकाणी पोरगं पहिल्यांदाच घाबरत घाबरत माऊस धरणार असेल, तर तो धोका कशाला घ्यायचा?

आपल्या पनवेल तालुक्याला हे जास्तच लागू आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधीपासूनच जमिनी जात आहेत. पूर्वी शिक्षण जमलं नाही तरी मागे दोन एकर भात होतं. आता कित्येक घरांत तेही राहिलेलं नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. सराव परीक्षेच्या नादात बोर्डाचा अभ्यास बुडाला आणि पात्रतेचेच गुण आले नाहीत, तर सीईटीचा आकडा चाटायचा काय? म्हणून वेळ नीट ठरवा. पहिली चाचणी दिवाळीनंतर, दुसरी डिसेंबरअखेर. त्यानंतर बोर्ड संपेपर्यंत बंद. बोर्ड झाल्यावर सीईटीपर्यंत दर आठवड्याला एक. आणि ज्याला बी.ए., बी.कॉम. करायचं आहे किंवा दहावीच्या गुणांवर कृषी पदविकेला जायचं आहे, त्याने या भानगडीत पडूच नये.

फीबद्दलही सांगतो. "आमच्या सराव परीक्षेत तुमच्या मुलाचा नंबर कमी आला, आता आमचा मोठा कोर्स लावा," असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत, तो आकडा. पन्नास पोरांत काढलेला पर्सेंटाइल राज्याच्या यादीत काही सांगत नाही. त्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून घरीच सोडवू द्या. जेईई आणि नीटसाठी केंद्र सरकारने आयआयटी कानपूरकडून २०२३ मध्ये 'साथी' हे मोफत संकेतस्थळ सुरू करून घेतलं आहे. पण एक लक्षात ठेवा, नीटमध्ये चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात. जी परीक्षा द्यायची तिचाच सराव करा. भाताला नाचणीची खतमात्रा देऊन चालत नाही.

निकाल आला की रागावू नका. पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा आणि वहीत तीन रकाने पाडा : येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. पहिल्याला पुस्तक, दुसऱ्याला सावधपणा, तिसऱ्याला सराव हा उपाय. बापाला गणित येत नसलं तरी रकाने मोजता येतातच. पहिल्या चाचणीत गुण कमीच पडतात, ते पोराच्या अकलेचं माप नव्हे. आणि पोरगी बारावीला असेल तर "तिला कशाला" म्हणून हात आखडता घेऊ नका.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. ग्रामपंचायतीतला संगणक रविवारी बहुधा बंदच असतो. बारावीच्या पोरांना तो पाळीपाळीने तीन तास द्या. खर्च विजेचा, फायदा गावाचा. सोबत जातीचे आणि उत्पन्नाचे दाखलेही आत्ताच मार्गी लावून द्या, म्हणजे प्रवेशाच्या वेळी धावपळ होणार नाही.

बियाणं तपासायचं ते पेरणीआधी. दिवाळीनंतरचा पहिला रविवार त्यासाठी राखून ठेवा.