पाऊस डोंगरावर, पूर दारात



पावसाळ्यात आपण सगळेच आभाळाकडे बघतो. आपल्या शिवारावर ढग आलाय का, पेरणीपुरता पडेल का, उघडीप कधी मिळेल, एवढंच आपलं बघणं. सपाटीवरच्या माणसाला ते पुरतं. पण ज्यांची घरं, गोठे आणि जमिनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याला आहेत, त्यांना डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. गावात नुसती भुरभुर असते, माणसं जेवून झोपलेली असतात, आणि वर डोंगरमाथ्यावर ढग रिते होत असतात. ते पाणी तास-दोन तासांत खाली येतं, आणि येताना कुणाला विचारून येत नाही.

हे कुठल्या लांबच्या मुलखाचं वर्णन नाही. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री आपल्याच कन्नड तालुक्यात हे झालं. कन्नडच्या औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, ट्रक आणि गाड्या मध्येच अडकल्या, धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. घाटाखाली तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरलं. वाकडी, वाघडू, रोकडे अशा गावांत शेकडो जनावरं वाहून गेली किंवा गोठ्यातच मेली. आपल्या नागद भागातला भिलदरीचा पाझर तलाव फुटला आणि खालच्या शेतांतली माती पिकासकट गेली.

त्या जखमा ओल्या असतानाच महिन्याभरात दुसरा तडाखा बसला. बंगालच्या उपसागरातल्या ‘गुलाब’ चक्रीवादळानं २६ सप्टेंबरला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडला. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाण्याचं ओझं कायम राहिलं. ते ओझं तेलंगणातून थेट मराठवाड्यावर आलं. २७ आणि २८ सप्टेंबरला आपण ते भोगलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटी बस पुराच्या पाण्यात वाहून गेली, माणसं दगावली. पुढे हीच वावटळ अरबी समुद्रात उतरली, ‘शाहीन’ नाव घेऊन पुन्हा उठली आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळली. तेव्हा ‘वादळ समुद्राचं, आपला काय संबंध’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला, तरी त्याचा ढग आपल्या डोंगराला येऊन टेकतो.

आता हे पाणी एवढं झपाट्यानं का येतं, ते समजून घेऊ. आपल्या जिल्ह्याला टँकर नवा नाही, म्हणून टँकरचाच हिशेब मांडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक टँकर. शंभर मिलिमीटर पडला तर एका हेक्टरवर शंभर टँकर. डोंगरातल्या एखाद्या लहानशा नाल्याचं पाणलोट क्षेत्र पाचशे हेक्टर धरा. झाले पन्नास हजार टँकर. त्यातलं निम्मं पाणी मुरलं आणि निम्मंच वाहिलं असं समजू. ते तीन तासांत खाली आलं, तर दर सेकंदाला दोनाहून जास्त टँकर तुमच्या फरशी पुलावर येऊन आदळतात. ज्या नाल्यातून एरवी पोरं चप्पल न भिजवता पलीकडे जातात, त्या नाल्याचं हे गणित आहे.

शिवाय निम्मं मुरेल हेसुद्धा जूनचं बोलणं झालं. आपल्या डोंगरावर मातीचा थर पातळ, त्याखाली थोडा मुरूम, आणि मग काळा पाषाण. जून-जुलैत तहानलेली जमीन पाणी पिते. ऑगस्ट संपता संपता तिचं पोट भरतं. त्यानंतर पडेल तो पाऊस सरळ उतारानं धावतो. म्हणून पोळ्यानंतरचा मोठा पाऊस जास्त घातकी. आणि नेमका तेव्हाच मका कणसात, सोयाबीन काढणीला, कपाशीची बोंडं फुटायला आणि अद्रक वाफ्यात पोसत असतं. वर्षाची सगळी कमाई उघड्यावर असताना हा पाहुणा येतो.

मोठ्या धरणाचा पूर आणि डोंगरी नाल्याचा पूर यांत एक मोठा फरक आहे, तो गावकारभाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं. संकट मोठंच होतं, पण नाथसागराचे दरवाजे उघडण्याआधी इशारा दिला जातो, पैठणपासून खाली गोदाकाठ हलवला जातो. डोंगरातल्या नाल्याला दरवाजे नाहीत आणि त्याच्यावर अभियंताही बसलेला नाही. त्याचा इशारा आपणच द्यायचा असतो, आणि आजवर तो आपण दिलेला नाही.

२०२१ साली पंचनाम्याच्या कामात मी घाटाखालच्या एका गावात गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ उमटलेली होती. खाली चार खुंटे जागच्या जागी, त्यांना दावी बांधलेली, आणि दाव्यांच्या गाठी शाबूत. जनावरं त्या दाव्यांतच गेली होती. मालक बाजूला उभा होता, काही बोलत नव्हता. कागदावर मी ‘मयत जनावरे : ४’ असं लिहिलं. पण घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. वरच्या गावाहून एक फोन आला असता, तर ही दावी सोडायला पाच मिनिटं लागली असती.

म्हणून आजचं सांगणं एवढंच आहे. डोंगरपट्ट्यातल्या वरच्या गावानं खालच्या गावाला वेळेवर कळवायचं. बाकी सगळ्या गोष्टी त्याच्या मागून.

हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा मोबाइलवर येतो. तो जरूर बघा, पण तो जिल्ह्याला असतो, तुमच्या नाल्याला नसतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा चोवीस तासांचा. ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. मदतीसाठी तो आकडा लागतो, पण जीव वाचवायला तो उशिराचा ठरतो. आणि मंडळातल्या एका ठिकाणचा पाऊस म्हणजे डोंगरमाथ्यावरचा पाऊस नव्हे.

मग माथ्यावरच्या वाडी-वस्तीवर आपला पर्जन्यमापक बसवा. त्याला पैसा लागत नाही. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. झाडापासून, पागोळ्यांपासून लांब मोकळ्यावर ठेवा. पाऊस पडला की शाळेतली पट्टी उभी बुडवा. जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. तासाभरात चार-पाच सेंटिमीटर पाणी साचलं, की पुढच्या तासाची वाट बघू नका. त्याच क्षणी खाली फोन करा.

फोन कुणी कुणाला करायचा, हे पूर आल्यावर ठरवता येत नाही. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चार नावं आणि चार नंबर ठरवा. वरच्या गावातले दोन, खालच्या गावातले दोन. पोलीस पाटलाच्या घरावर, शाळेच्या भिंतीवर, दूध डेअरीवर ते रंगवून लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही त्याखाली लिहा. डोंगरात रेंज जाते, वीज तर हमखास जाते. म्हणून देवळाचा भोंगा बॅटरीवर चालेल अशी तजवीज ठेवा, आणि तेही जमलं नाही तर घंटा आहेच.

इथं एक अडचण येते ती हद्दीची. गौताळ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस एका अंगानं शिवनेला मिळून गोदावरीला जातो, दुसऱ्या अंगानं तितूर-गिरणेतून तापीला. म्हणजे पाऊस आपल्या जिल्ह्यात आणि पूर जळगाव जिल्ह्यात. सरकारी निरोप वर दोन कार्यालयं चढून दुसऱ्या बाजूला उतरेपर्यंत पाणी पोचलेलं असतं. पण आपल्या लेकी घाटाखाली दिलेल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे नांदतात. लग्नाचा, दुखवट्याचा निरोप तासाभरात घाट उतरतो. मग पाण्याचा का उतरू नये? तलाठी आणि पोलीस पाटलांनी पलीकडच्या तालुक्यातल्या आपल्या जोडीदाराचा नंबर आजच घेऊन ठेवावा. त्याला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये. सगळाच दोष आभाळाचा नाही. पाझर तलावाचा बांध मातीचा असतो. त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं की तो टिकत नाही. ते जाऊ नये म्हणून सांडवा ठेवलेला असतो. आणि आपण काय करतो? दोन पाणी जास्त मिळावीत म्हणून सांडव्यावर दगड-गोणी रचतो. सांडव्याच्या तोंडाशी बाभळी वाढू देतो. पावसाळ्याआधी एकदा गावानं मिळून सांडवा मोकळा करावा. बांधावरची झाडं, उंदीर-खेकड्यांची बिळं बघावीत. बांधातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवा. गढूळ पाणी येऊ लागलं तर बांधाच्या पोटातली माती सुटतेय असं समजा. खालची वस्ती हलवा आणि लगेच कळवा.

नाल्याचंही तसंच. दरवर्षी नांगराचं एकेक तास नाल्यात सरकतं. वीस वर्षांत नाल्याचं पात्र निम्मं होतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो, पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. पुलाच्या नळ्या मक्याच्या ताटांनी, काटक्यांनी बुजल्या की पूल हाच बांध होतो. तेव्हा धसकटं नाल्यात लोटू नका. गोठा पात्राच्या कडेला असेल तर पावसाळ्यापुरती जनावरं उंचावर बांधा. ते जमत नसेल तर मोठ्या पावसाच्या रात्री दावी सैल ठेवा. आणि पुलावर पाणी असताना धाडस करू नका. वेगाचं पाणी गुडघाभर असलं तरी माणसाला पाडतं, दोन फूट असलं तर जीप उचलतं.

कृषी खात्याचा माणूस म्हणून आमच्याही पदरातलं सांगतो. ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचं सूत्र आम्हीच तुम्हाला शिकवलं. पण यंत्रं नाल्यात सहज उतरतात, डोंगरावर चढत नाहीत. त्यामुळे खाली खोलीकरण भरपूर झालं आणि वरची सलग समतल चरं, अनगड दगडी बांध मागे पडले, जुनी चरं गाळानं भरली. चर खणले म्हणून ढगफुटीचं पाणी थांबेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण पाण्याचा वेग मोडतो, गाळ वर अडतो आणि खालच्या गावाला थोडा जास्त वेळ मिळतो. रोजगार हमीच्या आराखड्यात ही कामं आधी धरा, असं ग्रामसभेनं ठासून सांगावं.

राहिली मदतीची गोष्ट. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या आपत्ती निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये धरले आहेत. तेवढ्यात बाजारात म्हैस मिळते का, हे तुम्हीच सांगा. पीकविम्यात पूर्वी ७२ तासांत वैयक्तिक नुकसान कळवायची सोय होती. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. त्यामुळे पुराचा एकट्याचा फटका विम्यात बसेलच असं नाही आणि पंचनाम्याचं महत्त्व वाढलं आहे. जनावरांच्या कानात बिल्ला मारून घ्या, नुकसानीचे फोटो काढा, पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून बघा. हक्काचं सोडू नका. पण मदतीच्या रकमेनं गोठा पुन्हा पहिल्यासारखा भरत नाही, हेही विसरू नका.

येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, घरकुल हे विषय निघतीलच. त्यांच्या आधी पाच मिनिटं या विषयाला द्या. माथ्यावर डबा कुणाकडे ठेवायचा आणि त्यानं रात्री-अपरात्री कुणाला उठवायचं, ही दोन नावं इतिवृत्तात लिहून घ्या. झोपमोड झाली म्हणून खालच्या गावातल्या कुणी चिडू नये. दहा वेळा फोन येऊन पूर आला नाही तरी चालेल. अकराव्या वेळी मात्र दावी सुटलेली असली पाहिजेत.