ड्रोनने घर मोजलं, मग घरामागचा डोंगर का नाही?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या वेळी विधिमंडळात सरकारने सांगितलेली एक गोष्ट अनेकांना आठवत असेल: ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

त्याआधी जुलै २०१४ मध्ये माळीण आणि जुलै २०२१ मध्ये तळिये झालं होतं. दर वेळी प्रश्न तोच, हे आधी कळलं नसतं का?

याचं उत्तर शोधायला दोन नकाशे शेजारी ठेवून बघू.

पहिला नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरासाठी केलेला, दरडींची शक्यता दाखवणारा. त्याचं प्रमाण आहे १:५०,०००. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर ५० मीटर. दोनशे मीटर पसरलेली वाडी त्यात चार मिलिमीटरमध्ये संपते. कोणत्या पट्ट्यात धोका जास्त आहे, हे ठरवायला हा नकाशा उत्तम. पण तुमच्या घरामागच्या ओघळीचं काय, हे तो सांगू शकत नाही आणि ते त्याचं कामही नाही.

दुसरा नकाशा स्वामित्व योजनेचा. एप्रिल २०२० मध्ये ही योजना सुरू झाली. ड्रोन उडवून गावठाणातली घरं मोजायची आणि लोकांना मालमत्ता पत्रक द्यायचं, असं तिचं काम. देशात तीन लाखांहून अधिक गावांवर हे ड्रोन फिरलेत. त्याचं प्रमाण आहे १:५००. इथे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. घराची भिंत, अंगण, बोळ, सगळं दिसतं.

थोडक्यात, घर शंभरपट बारकाईने मोजलं गेलं आणि घरावर झुकलेला उतार राहून गेला. कारण साधं आहे. योजना गावठाणाची आहे आणि वरचा उतार पुष्कळदा वनखात्याचा असतो.

मग तोच ड्रोन जरा वर नेला तर? तंत्र म्हणून यात अवघड काही नाही. पूर्वी हवाई छायाचित्रांवरून उंची काढायची तर विमान लागायचं, खास कॅमेरा लागायचा आणि त्यातले जाणकारही लागायचे. आता साध्या कॅमेऱ्याने एकमेकांवर ७०-८० टक्के चढणारे फोटो काढले की पुरतं. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटला तर अंदाज चुकतो. दोन डोळ्यांनी खोली कळते. इथे शेकडो 'डोळे' असतात. संगणक प्रत्येक फोटोत तोच दगड, तीच कड ओळखतो आणि त्यावरून फोटो कुठून काढला होता हेही शोधतो आणि दगड किती उंचीवर आहे हेही. २०१२ मध्ये वेस्टोबी आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीवर लिहिलेला लेख भूरूपशास्त्रात गाजला. त्याच्या शीर्षकातच 'कमी खर्चाचं साधन' असे शब्द होते. ओपनड्रोनमॅपसारखं सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं.

फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीची माहिती साधारण ३० मीटरची असते, म्हणजे ९०० चौरस मीटरला एकच आकडा. ड्रोनमधून पाच-दहा सेंटिमीटरचा तपशील मिळतो. इतक्यात जमिनीची भेग दिसते.

पण झाडाखालची जमीन कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणा ठेवल्या नाहीत, तर संगणक सपाट शेतालाही परातीसारखा बाक देऊ शकतो. पडद्यावर चित्र मात्र इतकं देखणं दिसतं की शंका येत नाही. मला तर हाच मोठा धोका वाटतो.

दुसरं म्हणजे, एकदा उडवून भागत नाही. दोन वेगळ्या वेळचे पृष्ठभाग वजा केले की जमीन कुठे खचली, कुठे फुगली ते कळतं. दरड पडल्यावर ड्रोन येतातच. नसतो तो आधीचा नकाशा, ज्याच्याशी तुलना करायची.

स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्त्स गावाच्या वरच्या डोंगरावर रडार, जीपीएस आणि इतर उपकरणांनी सतत नजर होती. हालचाल वाढली तशी मे २०२३ मध्ये शंभराच्या आतबाहेर लोकवस्तीचं हे गाव रिकामं केलं गेलं. जूनच्या मध्यावर एका रात्री कडा खाली आला आणि गावाच्या उंबरठ्याशी थांबला. कोणीही दगावलं नाही. इर्शाळवाडीच्या जेमतेम महिनाभर आधीची ही गोष्ट.

अर्थात तुलना जपूनच करायला हवी. ब्रिएन्त्सचा डोंगर वर्षानुवर्षं सरकत होता. सह्याद्रीत मुसळधार पावसात मातीचा थर काही मिनिटांत सुटू शकतो. धुकं आणि पावसात ड्रोन उडतही नाही.

म्हणून इथे संगणकीय प्रारूप लागतं. त्याचा हिशेब असा: उताराला धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर. उत्तर एकच्या खाली गेलं की उतार सुटतो. मातीत पाणी भरलं की कणांमधला दाब वाढतो, पकड सुटते आणि हा आकडा घसरतो. यातला उताराचा कोन ड्रोन नेमका देतो. मातीचा थर किती जाड आहे, तिची पकड किती, हे खणून आणि प्रयोगशाळेत तपासूनच कळतं. आणि त्या वाडीवर किती पाऊस पडला, हे मंडळाच्या गावातल्या पर्जन्यमापकावरून नेमकं कळेलच असं नाही. घाटात एका डोंगराआड पाऊस बदलतो. ही माहिती अंदाजाने भरली, तर प्रारूपाचं उत्तरही अंदाजच.

तरी एक गोष्ट प्रारूप बऱ्यापैकी सांगू शकतं: सुटलेली माती कोणत्या ओघळीने येईल आणि साधारण कुठवर पोचेल. वाडीतल्या कोणत्या घरांनी पावसाळ्यात खाली राहायला जावं, हे ठरवायला तेवढंही कामाचं आहे.

खर्चाचं म्हणाल तर ड्रोन आता त्यातला छोटा भाग. खरा खर्च माणसांचा, खुणा मोजण्याचा आणि दर वर्षी परत येण्याचा. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, पण संशोधनासाठी परवानगीने सवलत मिळते. त्यामुळे भूगोल विभाग असलेल्या महाविद्यालयांना हे काम अशक्य नाही. वनखातं, महसूल आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्यापैकी फाइल कोण सांभाळणार, हे मात्र आधी ठरायला हवं.

उडवायची वेळही ठरलेली आहे. मार्च ते मे, पानगळ झालेली असते आणि पाऊस यायचा असतो, तेव्हा. मग पावसाळा सरला, गवत वाळलं की दुसऱ्यांदा.