मोजपट्टी आणि मातृभाषा

कंपवाताच्या रुग्णाचा थरथरणारा हात डॉक्टरांना दिसतो. रात्री अंथरुणात कूस बदलताना त्याची होणारी तारांबळ मात्र त्यांना दिसत नाही. ती त्यालाच विचारावी लागते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये ज्या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले, तिची तीव्रता आजही रक्ताच्या तपासणीने ठरत नाही. निरीक्षण आणि प्रश्न हीच तिची साधने आहेत.

या साधनांना शिस्त लावणारी सुधारित मोजपट्टी मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे भाग ४, आणि प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण. औषधाचा गुण येतो की नाही, हे जगभरचे संशोधक बहुधा याच गुणांवरून ठरवतात. परंतु तिचे पहिले दोन भाग बव्हंशी रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवर उभे आहेत. प्रश्नच नीट उमगला नाही, तर उत्तराच्या आकड्याला काय किंमत?

अरबी भाषेच्या बाबतीत ही अडचण विशेष बिकट आहे. अरब लीगची सदस्य राष्ट्रे २२. ग्रंथांची आणि वृत्तपत्रांची प्रमाण अरबी सर्वत्र एकच असली, तरी ती कोणाच्याही घरातली बोली नाही. 'कसे आहात?' हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न ग्रंथात 'कैफ हालुक', कैरोत 'इझय्यक', तर बगदादमध्ये 'श्लोनक' असा होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धेपुढे प्रमाण भाषेतला छापील कागद ठेवणे म्हणजे तिला प्रश्न न विचारण्यासारखेच आहे. त्यात व्याधीचे रूढ अरबी नाव 'अश्शलल अर्रअ्आश', म्हणजे कंप सुटणारा पक्षाघात. ते कानी पडताच रुग्णाचे मन धास्तावले, तर नवल नाही.

शब्दांच्या पलीकडे जीवनपद्धतीचाही प्रश्न आहे. अंथरुणातून, मोटारीतून वा खोल खुर्चीतून उठताना त्रास होतो का, असे ही मोजपट्टी विचारते. दिवसातून ५ वेळा नमाज पढणाऱ्या वृद्धाला तोच त्रास सजद्यातून उठताना आधी जाणवू शकतो. मोजपट्टी गेल्या आठवड्याचा अनुभव विचारते. पण तो आठवडा रमजानचा असेल, तर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत गोळी न घेणाऱ्या रुग्णाच्या गुणांचा अर्थच बदलतो. आजाऱ्याला उपवासातून सूट असली, तरी तो मोडण्यास अनेकांचे मन धजत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने प्रश्न बदलले, तर कैरोचा आकडा लंडनच्या आकड्याशी ताडून पाहायचा कसा? म्हणूनच सोसायटीने भाषांतरासाठी कडक नियम घातले आहेत. भाषांतर झाल्यावर दुसऱ्यांकडून ते उलट इंग्रजीत आणले जाते, रुग्णांना प्रश्न समजतात का हे पडताळले जाते आणि किमान ३५० रुग्णांच्या उत्तरांवर त्याची संख्याशास्त्रीय परीक्षा होते. अधिकृत अरबी आवृत्तीही याच शिस्तीतून आली आहे.

हे यश मोठे असले, तरी काम तेथे संपत नाही. महागाई भत्ता घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक आहे की, निर्देशांकाचे गणित बिनचूक असूनही त्यातल्या वस्तू आपल्या घरात येत नसतील, तर तो आकडा आपली महागाई सांगत नाही. रुग्णाच्या गुणांचेही तसेच आहे. मूळ प्रश्नांचा सांगाडा कायम ठेवावा. पण प्रत्येक प्रदेशाच्या बोलीत तो तोंडी कसा विचारावा, याची ठरीव वाक्ये डॉक्टरांच्या हाती द्यावीत. पडताळणीत शहरी सुशिक्षितांबरोबर निरक्षर आणि ग्रामीण रुग्णही आवर्जून घ्यावेत. उत्तर रुग्णाने दिले की त्याच्या आप्ताने, याची नोंद करण्याची सोय मोजपट्टीत आहेच. ती नोंद काटेकोरपणे व्हावी. आईच्या वतीने मुलगा बोलू लागला की आईची लाळ, तिचे नैराश्य आणि तिची झोपमोड या गोष्टी संकोचापोटी मागे पडतात.

यासाठी पैसा आणि वेळ लागेल, हे खरे. पण चुकीच्या आकड्यावरून वाढवलेल्या वा रोखलेल्या औषधाची किंमत याहून जबर असते, आणि ती चुकवावी लागते ती ज्याला प्रश्नच समजला नव्हता त्या रुग्णाला.